फोटो उजळण्याआधी

घराण्याचा इतिहास मांडायचा तो कुलवृत्तांतात, ही आपल्याकडची जुनी रीत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी अशी ग्रंथवजा पुस्तकं काढली. वंशावळीचे घडीचे तक्ते, इनामं-वतनांचे तपशील आणि मधेच कुठेतरी आर्ट पेपरवर छापलेली फोटोंची पानं. फोटो बारके आणि छपाई यथातथाच, पण खाली ‘बसलेले, डावीकडून’ ही ओळ हटकून असायची. आता ते काम व्हिडिओकडे आलं आहे. पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाची पन्नाशी किंवा कुलसंमेलन ठरलं, की घरातला एखादा भाचा किंवा नात ग्रुपवर ‘सगळ्यांनी जुने फोटो पाठवा’ असा निरोप टाकते. महिन्याभराने कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर पंधरावीस मिनिटांची चित्रफीत चालते. फोटो चकचकीत, मागे बासरी, आणि तिसऱ्या रांगेतल्या मावशी शेजारणीला विचारतात, ‘ही कोण गं?’

हा प्रश्न पडू नये म्हणून काय करावं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फोटो पांढरेशुभ्र कसे करावेत, रंगीत कसे करावेत, आजोबांचे डोळे हलवून कसे दाखवावेत, यावर मात्र सल्ल्यांचा पाऊस आहे. एकंदर पाहता माझं मत असं झालं आहे की या कामातले बहुतेक श्रम चुकीच्या जागी पडतात. व्हिडिओला फोटोकडून तांत्रिक गुणवत्ता लागते ती बेताची आणि माहिती लागते ती भरपूर. आपण नेमकं उलट करतो.

आधी तांत्रिक बाजू, कारण तिचा बाऊ फार होतो. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे साधारण २० लाख ठिपक्यांची असते. ४के म्हटलं तर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, ४केलाही पुरे होतील इतके. व्हिडिओचं सॉफ्टवेअर डीपीआयचा आकडा पाहतच नाही, ते फक्त पिक्सेल मोजतं. त्यामुळे ‘सगळं १२००लाच स्कॅन करा’ हा सरसकट सल्ला म्हणजे वेळेची आणि हार्ड डिस्कची नासाडी. अपवाद दोन. पहिला, पासपोर्ट साइझचा फोटो. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या त्या तुकड्याला १२०० डीपीआय हवेच, तेव्हा कुठे सोळाशे-एकवीसशे पिक्सेल हाती येतात. दुसरा अपवाद जुन्या स्टुडिओतल्या ग्रुप फोटोंचा. काचेच्या मोठ्या प्लेटवर घेतलेला आणि तिच्याच आकारात थेट छापलेला फोटो असेल, तर त्यात अफाट तपशील दडलेला असतो. नखाएवढा चेहरासुद्धा मोठा करून दाखवता येतो. १९८०-९०च्या दशकांत लॅबमधून धुऊन आलेल्या रंगीत प्रिंटमध्ये तेवढा तपशील मुळातच नसतो. तिथे डीपीआय वाढवला की फक्त कागदाचा पोत मोठा होतो.

मोबाइलने काढलेली प्रत चालते का? चालते. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा चार हजार बाय तीन हजार पिक्सेल देतो. मोबाइलच्या प्रती बिघडतात त्या ट्यूबलाइटच्या तिरिपेने, तिरक्या हाताने आणि मुख्य म्हणजे पाठवण्याच्या रीतीने. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसून जातो आणि त्याच्या पोटात लिहिलेली तारीख-माहितीही गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. एवढी एक सूचना ग्रुपवर आधी टाकली, तरी निम्मं काम सुधारेल.

खरी अडचण पिक्सेलची नसून वस्तूची आहे. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कॉर्नर लावून बसवलेले आणि मधे बटर पेपर असलेले १९४०-५०चे कृष्णधवल फोटो आजही ठणठणीत सापडतात. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी हौसेने आणलेल्या, चिकट पानांच्या आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या अल्बमांनी मात्र फोटोंची वाट लावली. त्यांचा गोंद कागदात मुरतो. अशा पानावरून फोटो ओढून काढू नये. दात साफ करण्याचा मेण नसलेला दोरा फोटोमागून हलक्या हाताने सरकवत नेता येतो. तेही जमत नसेल तर पानासकट स्कॅन करावं. लॅमिनेशनवाल्याकडून ‘कायमचा टिकाऊ’ करून आणलेला फोटो तर सोडवायच्या भानगडीतच पडू नये. भिंतीवरच्या तसबिरीत दमटपणाने फोटो काचेला चिकटला असेल, तर काचेवरूनच प्रत घ्यावी. काच ओढली की चेहऱ्याचा थर काचेबरोबर निघून येतो.

कोकणात आणि गोव्यात या सगळ्यात बुरशीची भर. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचं खाद्यच. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं. त्यामुळे ओल्या फडक्याने पुसायला गेलं की डाग जातोच, पण त्याच्याबरोबर आजीही जाते. कोरडा, मऊ ब्रश पुरे. उरलेला डाग स्कॅनमध्ये राहू द्यावा. तो पुढे पडद्यावर काढता येतो, कागदावर नाही. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या कडांना निळसर आरशासारखी झाक येते, ती चांदीची. प्रतिमा घडवणारी चांदी हवेतल्या प्रदूषणाने आणि दमटपणाने पृष्ठभागावर येऊन बसते. ती घासून निघणार नाही. दिवा बाजूने ठेवून कॅमेऱ्याने प्रत घेतली तर ती बरीच कमी दिसते. खडबडीत, रेशमी पोताच्या कागदावरचे रंगीत फोटो स्कॅनरमध्ये चांदण्या पडल्यासारखे येतात. त्यांनाही हाच उपाय.

रंगीत प्रिंट लालभडक झालेले असतात, त्यांचं फार कुणी मनावर घेऊ नये. अशा कागदातला निळसर-हिरवा रंग अल्बमच्या अंधारातही उडत जातो आणि लाल-पिवळा मागे उरतो. दुरुस्ती सोपी आहे, फक्त एक पथ्य पाळायचं. स्कॅन करताना फोटोची पांढरी किनार कापायची नाही. जी किनार एकेकाळी पांढरी होती, तिच्यावरून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग जागेवर आणता येतात. स्टुडिओत ‘क्लीन करून द्या’ म्हणून दिलेल्या फोटोंची किनार सर्वात आधी उडते, हे अनेकदा पाहिलं आहे.

निगेटिव्ह कुठे असतात, हे शोधणारे फार थोडे. आग्फा क्लिक थ्री हा साधासा कॅमेरा असंख्य मध्यमवर्गीय घरांत होता. १२० क्रमांकाच्या रोलवर तो सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो काढी. घरात सापडणारे ते चिमुकले चौकोनी प्रिंट बहुधा निगेटिव्हएवढेच असतात, आणि फोटोच्या दुकानाच्या पाकिटात निगेटिव्हची पट्टी शिल्लक असली तर प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तिच्यातून मिळतं. फिल्म स्कॅनरमधली धूळ आपोआप पुसण्याची सोय मात्र कृष्णधवल निगेटिव्हला लावू नये. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते, चांदी ते किरण अडवते, आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

इथपर्यंत बहुतेक जाणकारांचं एकमत आहे. वाद सुरू होतो तो पुढे, ‘सुधारणे’ या टप्प्यावर. २०१८च्या सुमारास कृष्णधवल फोटो आपोआप रंगवणारे प्रोग्रॅम सगळ्यांच्या हाती आले. २०२१मध्ये एका वंशावळीच्या संकेतस्थळाने जुन्या चेहऱ्यांना मान वळवायला आणि पापण्या मिटायला लावलं, आणि अंधुक चेहरे रेखीव करणारी साधनंही त्याच वर्षी पसरली. रंगवलेल्या फोटोंचे समर्थक म्हणतात, नवी पिढी कृष्णधवल पाहत नाही आणि रंग आले की ती थबकते. हे खोटं नाही. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली रंगीत होऊन पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा लोकांनी गर्दी केलीच होती. पण तिथे एक आधार होता. १९६०च्या मूळ चित्रपटातला काही भाग रंगीतच चित्रित झालेला होता, त्यामुळे वस्त्रं-दागिने कोणत्या रंगाचे हे पाहता येत होतं. आपल्या पणजीच्या फोटोला असा आधार कुठून आणणार?

त्यात जुन्या फिल्मची एक गंमत आहे, ती रंगवणाऱ्या प्रोग्रॅमच्या गावीही नसते. जुन्या प्लेट आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म पुढे, १९२०-३०च्या दशकांत रुळत गेली. म्हणून त्याआधीच्या फोटोंत कुंकू काळं दिसतं, लाल लुगडं काळंकुट्ट दिसतं आणि निळा रंग फिकट पडतो. आता केशवपन केलेली एखादी सोवळी आजी अशा फोटोत बसली आहे असं धरा. तिच्या अंगावर आलवण, म्हणजे तांबडं लुगडं. फोटोत ते काळपट. प्रोग्रॅम त्याला तपकिरी करेल, नाहीतर छान निळसर करेल. एका बाईवर आयुष्यभरासाठी लादलेला रंग कुणाच्याही नकळत पुसला जाईल आणि पडद्यावर एक प्रसन्न वृद्धा दिसेल. फोटोला रंग द्यायचेच असतील, तर ज्यांना ते लुगडं आठवतं अशा माणसाला विचारून द्यावेत, आणि व्हिडिओत तो फोटो आधी मूळ रूपात दाखवावा. विचारायला कुणी उरलं नसेल तर रंगवूच नये.

चेहरे रेखीव करणाऱ्या साधनांबद्दल मी अधिकच कडक आहे. ती चेहरा उजळत नाहीत, नवा काढतात. जिथे माहिती नाही तिथे हजारो इतर चेहऱ्यांवरून नाक, दात आणि पापण्या बसवतात. त्यांच्या लेखी डाग म्हणजे दोष. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्याआधीच्या पिढ्यांत असे चेहरे घरोघरी होते. आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण होतं. ‘स्क्रॅच रिमूव्ह’चं बटण दाबलं की व्रण आणि गोंदण दोन्ही धुळीबरोबर जातात, वर कातडी दोन छटा उजळ होते ती निराळीच. घडीची रेघ, टाचणीचं भोक, वाळवीने खाल्लेला कोपरा जरूर भरावा. चेहऱ्याला हात लावायचा तर हाताने, डोळ्यांदेखत, मूळ शेजारी ठेवून.

पूर्वीचे फोटो तेवढे सत्यवचनी होते, असं मात्र कुणी समजू नये. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणं हा स्टुडिओचा रोजचा धंदा होता. भिंतीवरची हार घातलेली तसबीर पुष्कळदा लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलून, मोठा करून, ब्रशने रंगवलेली असे. ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याला चित्रकाराने कोट चढवलेला असे. अशी तसबीर व्हिडिओत असावीच, कारण घर त्या माणसाला कसं पाहू इच्छित होतं हे ती सांगते. ज्या ग्रुप फोटोतून ती निघाली तो सापडला तर दोन्ही लागोपाठ दाखवावेत. त्यापुढे कुठलाही इफेक्ट फिका पडेल.

आता माहिती. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, धुतल्याची तारीख, कुणीतरी शाईने लिहिलेलं नाव, फार जुन्या फोटोवर क्वचित मोडीतली ओळ; हे सगळं मागे असतं. नक्षीदार, दातेरी कडांचे प्रिंट साधारण शतकाच्या मध्यावरचे. तरीही साल नक्की होत नसेल तर ‘सुमारे’ लिहायला लाजू नये. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये कोण कुणाबरोबर कधी आलं याच्या नोंदी असतात. अडलेलं नातं तिथे सुटू शकतं.

ग्रुप फोटोसाठी सर्वात उपयोगी साधन म्हणजे एक प्रिंटआउट आणि स्केचपेन. प्रत्येक डोक्यावर आकडा घालायचा, खाली रिकाम्या ओळी सोडायच्या आणि तो कागद घरातल्या वडीलधाऱ्यांकडे फिरवायचा. एकाच वेळी सगळ्यांना विचारू नये. मोठ्या आत्याने ठामपणे एक नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात. वेगवेगळं विचारलं तर मतभेद निघतात, आणि मतभेद हीच मौल्यवान गोष्ट. विचारताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवावं. फोटो हातात घेतलेला माणूस जे बोलतो ते पुन्हा तसं कधीच बोलत नाही, आणि पुढे निवेदनासाठी भाड्याचा आवाज शोधावा लागत नाही.

आपल्याकडची खास अडचण बायकांच्या नावांची. लग्नात आडनावच काय, नावही बदलायची रीत. त्यामुळे माहेरच्या फोटोतली कुमुद आणि सासरच्या फोटोतली सुमती ही एकच बाई आहे, हे सांगणारं माणूस गेलं की वंशावळीत दोन बायका उभ्या राहतात. नोंदीत दोन्ही नावं हवीत. आणि पडद्यावरची ओळ ‘मोठी काकू’ अशी नको. ती कुणाची मोठी काकू? पुढच्या पिढीची ती पणजी असेल. पूर्ण नाव, माहेर, सासर आणि गाव लिहावं, लाडकं नाव त्याच्या जोडीला.

हे सगळं लिहिताना ज्या घरात फोटोंची पेटी आहे असं घर मी गृहीत धरतो आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ती नाही. शेतमजुराच्या, गावकुसाबाहेरच्या किंवा भटक्या कुटुंबात आजोबांचा एकमेव फोटो १९९३नंतर निघालेल्या मतदार ओळखपत्रावरचा असतो. किंवा जत्रेतला, मागे रंगवलेला पडदा आणि पुठ्ठ्याचं विमान असलेला. अशा घराचा व्हिडिओ होऊ शकत नाही असं म्हणणारे व्यावसायिक भेटतात, ते चूक आहे. सातबाऱ्यावरची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, पोस्टाचं पासबुक आणि भांड्यावर कोरलेलं नाव यांचे नीट फोटो काढावेत. ताटवाट्यांवर नावाबरोबर तारीख आणि प्रसंगही कोरलेला असतो, फोटोमागे तेवढं कुणी लिहीत नाही. २०१०पासून इंटरनेटवर चालू असलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये किंवा गोव्यातल्या कुटुंबांचे अल्बम गोळा करणाऱ्या ‘गोवा फॅमिलिया’मध्ये फोटोला वजन येतं ते त्याच्यासोबतच्या हकिकतीने. एकाच फोटोवरही ती हकिकत उभी राहू शकते.

मग प्रत्यक्ष व्हिडिओ. उभा फोटो आडव्या चौकटीत बसत नाही म्हणून दोन्ही बाजूंना त्याचीच धुरकट प्रत लावायची फॅशन आहे. मला ती आवडत नाही. साधी काळी किंवा मातकट पार्श्वभूमी पुरते. चौकट भरण्यासाठी फोटो कापणं त्याहून वाईट, कारण कापताना कडेचे लोक जातात आणि कडेला उभे असतात ते बहुधा गडी, मोलकरीण, आश्रित विद्यार्थी आणि विधवा बहीण. फोटोवरून कॅमेरा हळूहळू फिरवण्याची पद्धत केन बर्न्सच्या १९९०च्या ‘द सिव्हिल वॉर’ या मालिकेने जगभर नेली आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये ती त्याच्याच नावाने आली. त्याआधी १९५७च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडाच्या माहितीपटात ती सुंदर वापरलेली आहे. तिथे कॅमेरा कुणाकडे तरी, कशासाठी तरी जातो. आपल्याकडचं व्हिडिओ मिक्सिंग प्रत्येक फोटोला झोके देतं. चौदा जणांचा फोटो पाच सेकंदांत दाखवून काहीच साधत नाही. डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत, चेहरा आला की नाव, असं अर्धं मिनिट द्यावं आणि त्यासाठी समारंभाचे दहा सारखे फोटो गाळावेत.

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच. घरगुती व्हिडिओला तिथे अडचण येत नाही. अडचण येते गाण्याची. चित्रपटगीत लावून यूट्यूबवर चढवलं की हक्काचा दावा येतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपतो, पण कवीचा आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दोन्हीकडून मोकळं काही हवं असेल तर ‘सौभद्र’ या संगीत नाटकातल्या पदांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या आहेत. त्या नाटकाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली वारले. बासरीपेक्षा ते नक्कीच बरं.

शेवटी फायलींची व्यवस्था. मूळ स्कॅन टिफमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवावा आणि त्यावर कधीही काम करू नये. व्हिडिओसाठी सुधारलेली प्रत निराळी, आणि तिच्या नावात ‘रंगवलेला’ किंवा ‘दुरुस्त’ हे लिहिलेलं असावं, नाहीतर दहा वर्षांनी तीच मूळ म्हणून फिरते. फाइलच्या नावात आधी साल, मग गाव, मग माणूस. एका तक्त्यात फोटोचा क्रमांक, कुणी ओळखलं, कधी ओळखलं आणि फोटो कुणाच्या घरचा. व्हिडिओचा पेनड्राइव्ह सगळ्या भावंडांना वाटला जातो, त्यावर हे फोल्डर आणि तक्ताही टाकावा. जागा लागतेच किती? आणि मागून आणलेले मूळ फोटो समारंभाच्या आधीच ज्याचे त्याला परत करावेत, पण चिकट अल्बमातून सोडवलेले असतील तर त्या पानांवर पुन्हा लावू नयेत. साध्या कागदी पाकिटात एकेक घालून, पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहून द्यावेत. नाव फोटो आत घालण्याआधी लिहावं, नंतर लिहिलं तर पेन्सिलीचा वळ फोटोवर उमटतो.